मोजणाऱ्याचे नाव

पिंपळे गुरवहून पवनेवरचा पूल ओलांडला की दापोडी लागते. आज तिथे एसटीची कार्यशाळा, रेल्वेचे स्टेशन आणि मेट्रोचे खांब दिसतात. 1828 साली, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, याच गावी सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. इंग्रजी दप्तरांत ते ‘दापुरी’चे उद्यान म्हणून नोंदलेले आहे. 1838 मध्ये त्याची सूत्रे अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे आली आणि 1847 मध्ये हाच गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. निकोलस डाल्झेल यांच्यासह त्याने सिद्ध केलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ 1861 साली प्रसिद्ध झाला. 1847 ते 1850 या काळात गिब्सनने इथल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत, आणि हेन्री नोल्टी या अभ्यासकाने 2002 मध्ये त्यांच्यावर अख्खे पुस्तक लिहिले. गव्हर्नर कोण होता, अधीक्षक कोण होता, हे सारे कागदोपत्री सापडते. चित्रे काढणारा हात कोणाचा, हे मात्र सापडत नाही. तो पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढाच त्याचा परिचय उरला आहे.

त्या चित्रकाराचे काम आणि आज जंगलात संशोधनासाठी राबणाऱ्या फील्ड टेक्निशियनचे काम मुळात एकच. समोरचे झाड जसे आहे तसे टिपायचे, आणि इतके नेमके टिपायचे की ते झाड कधीही न पाहिलेल्या माणसाने त्यावर विसंबून निष्कर्ष काढावा. पूर्वी कुंचला होता, आता फीत, जीपीएस, कॅमेरा ट्रॅप आणि मोबाइलवरचे ॲप आहे. या माणसाला कुठे फील्ड असिस्टंट म्हणतात, कुठे प्रोजेक्ट असिस्टंट, तर वनखात्याच्या हजेरीपटावर तो नुसता वनमजूर असतो. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्याचे नाव आले तर आले. हा अन्याय आहे असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे; पण अन्यायाचा मुद्दा पुढे केला की सहानुभूतीचे चार शब्द बोलून विषय संपतो. या प्रकरणातला मुद्दा जरा वेगळा आहे. जंगलाविषयीचे आपले ज्ञान मोजणाऱ्याच्या हातावर उभे आहे, आणि तो हात अनाम, अप्रशिक्षित व तात्पुरता ठेवला तर ते ज्ञानच कच्चे राहते. मोजणाऱ्याचे नाव, त्याचे शिक्षण आणि त्याची नोकरीतली स्थिरता या विज्ञानाच्या गरजा आहेत. दयाबुद्धीचा प्रश्न त्यानंतरचा.

काम वरवर किती सोपे दिसते ते पाहा. बुंध्याभोवती फीत गुंडाळायची, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा. पण फीत लावायची कुठे? छातीच्या उंचीवर, असे सगळेच सांगतात. भारतीय वनखात्याच्या परंपरेत ही उंची 1.37 मीटर, म्हणजे जुने साडेचार फूट. जगभरच्या कायमस्वरूपी संशोधन-प्लॉटमध्ये ती 1.30 मीटर. दोन पद्धतींत तयार झालेली दोन माणसे एकाच झाडाला सात सेंटिमीटरच्या फरकाने फीत लावणार. खोड वर निमुळते होत जाते, त्यामुळे यंदा कोणी वरून आणि गेल्या खेपेला कोणी खालून मोजले असेल, तर वाढलेले झाड कागदावर रोडावलेले दिसते. झाड उतारावर असेल तर उंची चढाच्या बाजूने धरायची. खोडावर वेल चढली असेल तर फीत वेलीखालून ओवायची. नेमक्या त्या उंचीवर गाठ असेल तर फीत वर सरकवायची आणि किती सरकवली ते लिहायचे. जुन्या काटेसावरीसारख्या झाडाच्या बुडाशी आधारमुळांचे पाखे पसरले असतील तर त्यांच्याही वर जाऊन मोजायचे, मग त्यासाठी शिडी लागली तरी चालेल. एकाच बुडातून तीन खोडे आली असतील तर झाड एक की तीन, याचा निवाडा नियमाने करायचा आणि पुढच्या वेळी तोच पाळायचा. एप्रिलमध्ये पानझडीच्या जंगलात निष्पर्ण उभा असलेला ऐन जिवंत आहे की वाळला, हे साल किंचित खरवडून आतली ओल आणि हिरवा थर पाहून ठरवायचे. फीत गुंडाळण्याआधी इतके निर्णय घ्यावे लागतात, आणि प्रत्येक निर्णय त्या जागी उभा असलेला माणूसच घेतो.

या निर्णयांचे मोल साध्या हिशेबाने कळते. 94 सेंटिमीटर घेराच्या झाडाचा व्यास सुमारे 30 सेंटिमीटर. फीत दहा अंशांनी तिरकी बसली तर घेर पाऊण सेंटिमीटरच्या आसपास जास्त येतो आणि व्यासात दोन मिलिमीटरांहून अधिक भर पडते. पानझडीच्या जंगलातली बरीच झाडे वर्षभरात व्यासाने वाढतात तीच मुळी काही मिलिमीटर. म्हणजे फितीचा तिरकेपणा आणि झाडाची वर्षाची वाढ एकाच मापाची. त्यात झाडाचे वस्तुमान व्यासाच्या साधारण अडीचाव्या घाताने वाढत असल्यामुळे व्यासातली 2 टक्क्यांची चूक वस्तुमानात, आणि म्हणून झाडात साठलेल्या कार्बनच्या अंदाजात, सुमारे 5 टक्के होऊन बसते. गंमत अशी की मोठी चूक निरुपद्रवी ठरते. कोणी व्यासाच्या रकान्यात घेर लिहिला तर झाडाचे वस्तुमान सतरापट निघते आणि संगणकावर बसलेला माणूस ती नोंद लगेच बाजूला काढतो. लहान चूक खरी घातक, कारण ती खरी वाटते. ती पकडण्याची शक्यता दोनच ठिकाणी असते: मोजताना त्या माणसाच्या हातात, किंवा तेच झाड दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेण्यात.

या हातांवर केवढे काम उभे आहे याचा दाखला निलगिरीच्या पायथ्याशी मिळतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मुदुमलैच्या जंगलात 50 हेक्टरांचा एक प्लॉट आखला. एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद. त्यात वीस मीटर बाजूचे 1,250 चौरस. एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांकाचा बिल्ला, त्याची जात आणि प्लॉटमधली जागा यांची नोंद. पहिल्याच मोजणीत अशी पंचवीस हजारांच्या आसपास खोडे होती. पनामातील बॅरो कोलोराडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी 1980 च्या दशकारंभी आखलेल्या तेवढ्याच प्लॉटमध्ये दोन लाखांहून अधिक खोडे मोजली गेली. मुदुमलैत दरवर्षी कोणती झाडे मेली आणि कोणती नवी आली हे पाहिले जाते, आणि दर चार वर्षांनी सगळ्यांची जाडी पुन्हा घेतली जाते. या चिकाटीतूनच कळले की आरंभी मुबलक असलेले वारंग, म्हणजे किडिया कॅलिसिना, हे झाड हत्तींनी मोडल्या-सोलल्यामुळे काही वर्षांत झपाट्याने घटले. जंगलाकडे नुसते पाहणाऱ्याला हा बदल जाणवला नसता, कारण छत्र तसेच हिरवे होते. क्रमांक लावलेले झाड गेल्या वर्षी उभे होते आणि यंदा नाही, हे सांगणारा कोणीतरी दरवर्षी त्याच चौरसात जात होता म्हणून ते कळले. अशा प्लॉटमध्ये संशोधक येतात आणि जातात, पीएचडी चार-पाच वर्षांत आटोपते. झाडांची आणि त्यांच्या जागांची ओळख टिकते ती तिथल्याच वस्तीत राहणाऱ्या सहायकांकडे.

आता हेच मोजमाप भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात कसे होते ते आठवा. पिंपळे गुरवमधल्या कितीतरी घरांत क्वालिटीच्या खात्यात काम करणारे कोणीतरी असते. त्यांना हे सांगावे लागत नाही. व्हर्निअरवर कॅलिब्रेशनची तारीख असते, ती उलटली की तो वापरायचा नाही. तपासणीच्या कागदावर कोणी मोजले त्याची सही असते. नवे मापन सुरू करताना तेच दहा नग दोन-तीन ऑपरेटरांकडून, आधीचे आकडे न दाखवता, पुन्हा पुन्हा मोजून घेतात. आकड्यांतला किती फरक नगांचा, किती उपकरणाचा आणि किती माणसाचा, हे त्यातून वेगळे काढता येते. गेज आर अँड आर या नावाने ती रीत तिथे रोजच्या वापरात आहे. ऑपरेटरचे नाव नोंदवतात ते त्याचा मान राखण्यासाठी नव्हे. उद्या माल परत आला तर चूक कुठे शिरली हे शोधता यावे म्हणून. गाडीच्या एका बुशच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, ती अख्ख्या डोंगराच्या कार्बनचा हिशेब मांडताना घेत नसू, तर त्या हिशेबाला कच्चा म्हणायला हरकत नाही. जंगलातल्या नोंदवहीत तारखेच्या शेजारी मोजणाऱ्याचे नाव हवे आणि काही झाडे दुसऱ्या जोडीने पुन्हा मोजलेली हवीत. चांगल्या प्लॉटमध्ये हे केले जाते. तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या छोट्या प्रकल्पांत मात्र सर्वांत आधी कात्री लागते ती याच कामाला.

नावाचा दुसरा उपयोग याच पिंपरी-चिंचवड शहरात, आकुर्डीत दिसतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र तिथे आहे. अशा संग्रहातल्या कीटकाला, बेडकाला किंवा खेकड्याला किंमत येते ती त्याच्या चिठ्ठीमुळे. ठिकाण, तारीख आणि कोणी गोळा केला, या तीन गोष्टी नसतील तर दुर्मीळ नमुनाही शोभेची वस्तू होतो. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक चिठ्ठीवरच्या गावाच्या नावाचा घोळ सोडवतो तो बहुतेक वेळा गोळा करणाऱ्याच्या आधारे: हा माणूस त्या महिन्यात कुठे कुठे फिरत होता, तो कोणत्या वाटेने गेला, त्याच्या वहीत आदल्या दिवशी काय आहे. पण कित्येक चिठ्ठ्यांवर एका अधिकाऱ्याचे नाव आणि पुढे ‘आणि पार्टी’ एवढेच असते. त्या पार्टीतल्या कोणी दगड उलटला, कोणी ओढ्यात हात घातला, याचा माग तिथेच तुटतो. आल्फ्रेड रसेल वॉलेससाठी मलय द्वीपसमूहात पक्षी गोळा करणाऱ्या अलीचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण वॉलेसने ते स्वतः लिहून ठेवले. वॉलेसच्या नावाने ओळखला जाणारा स्वर्गपक्षी 1858 मध्ये बाचान बेटावर प्रथम अलीने आणला, हेही त्यामुळेच कळते. नाव लिहायला तेव्हाही खर्च नव्हता, आताही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की टेक्निशियन सांगितलेले काम करतो, विज्ञान प्रश्न विचारण्यात असते आणि प्रश्न शास्त्रज्ञ विचारतो. हे अर्धे खरे आहे. प्रश्न विचारल्याशिवाय मोजण्याला दिशा नसते. पण काय नोंदवण्याजोगे आहे हे ओळखल्याशिवाय प्रश्नाला उत्तर मिळत नाही. डॅनियल जॅन्झेन यांनी कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते इथे स्थानिक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन पॅराटॅक्सॉनॉमिस्ट तयार केले. त्यांचा पहिला वर्ग 1989 मधला. जंगलातून सुरवंट आणायचा, तो कोणत्या झाडावर होता ते लिहायचे, त्याला तेच पान घालून वाढवायचे आणि फुलपाखरू निघेपर्यंत रोज टिपण ठेवायचे, हे त्यांचे काम. 2004 मध्ये तिथल्या ॲस्ट्राप्टेस फुल्जेरेटर या एकाच जातीच्या समजल्या जाणाऱ्या फुलपाखरांच्या डीएनएची तपासणी झाली आणि त्यात दहा जाती लपल्याचा निष्कर्ष निघाला. प्रौढ फुलपाखरे दिसायला जवळपास सारखी. सुरवंटांचे रंग आणि त्यांची खाद्यझाडे मात्र वेगळी. डीएनएच्या गटांना अर्थ आला तो वर्षानुवर्षे ठेवलेल्या त्या टिपणांमुळे. ‘झाडावर सापडला’ एवढेच कोणी लिहिले असते तर दहांतल्या किती जाती मान्य झाल्या असत्या, हा प्रश्नच आहे.

याच तोडीचे काम पिंपळे गुरवहून शंभरएक किलोमीटरवर, भोसरी, चाकण, राजगुरुनगर करत गेले की भीमाशंकरला झाले आहे. शेकरूसाठी 1985 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात रेने बोर्जेस आणि हेमा सोमनाथन यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका नावाचा तिथला भुंगा चांदणे नसलेल्या रात्रीही उडतो, आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात आपल्या घरट्याजवळच्या खुणेचा रंग ओळखतो, हे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या दृष्टिशास्त्रज्ञांच्या साथीने त्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केले. दिवसा उडणाऱ्या कीटकांच्या धाटणीचे डोळे असूनही हा भुंगा हे करतो, म्हणून जगभर त्याची दखल घेतली गेली. या प्रयोगाची तयारी डोळ्यांसमोर आणा. आधी लाकडातली घरटी शोधायची, त्यांतली वापरातली कोणती आणि ओस कोणती हे ओळखायचे, मग अंधारात विजेरी न लावता बसून भुंगा केव्हा निघाला, केव्हा परतला, कोणत्या भोकात शिरला याची नोंद करायची. भीमाशंकरच्या रानात, जिथे अंजनी, जांभूळ, आंबा आणि हिरड्याची दाटी आहे, तिथे हे घरटे-शोधन तिथल्या माणसांच्या डोळ्यांशिवाय शहरातून आलेल्या तुकडीला जमणे कठीणच. शास्त्रज्ञांच्या प्रश्नाची किंमत याने कमी होत नाही. मात्र प्रश्न आणि निरीक्षण या दोन वेगळ्या कारागिऱ्या आहेत आणि दोन्ही शिकाव्या लागतात, एवढे यातून स्पष्ट व्हावे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. माणूस चुकतो, कधी साहेबाला हवे तेच लिहितो. मग सगळा भरवसा त्याच्या हातावर का ठेवायचा? या आक्षेपामागे भारतातला मोठा दाखला आहे. वर्षानुवर्षे देशातले वाघ पाऊलखुणांवरून मोजले जात. वनरक्षक काचेवर ठशाची रेघ गिरवायचे किंवा प्लास्टरचा साचा घ्यायचे, आणि ठशाच्या आकारावरून हा वाघ वेगळा की कालचाच, हे ठरायचे. उल्लास कारंथ यांच्यासारखे अभ्यासक या पद्धतीतले दोष सतत दाखवत होते. 2001-02 च्या मोजणीत 3,642 वाघ निघाले. 2005 च्या सुरुवातीला राजस्थानातील सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि कागदावर मात्र आदल्याच वर्षी तिथे डझनाहून जास्त वाघ होते. पुढे 2006 ची मोजणी कॅमेरा ट्रॅप आणि संख्याशास्त्राच्या आधारे झाली तेव्हा देशाचा अंदाज 1,411 आला. वनरक्षकावर विसंबून आपण फसलो, असा अर्थ यातून काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. मऊ मातीत ठसा पसरतो, कडक जमिनीवर आक्रसतो, चालण्याच्या वेगाने बदलतो. त्यावरून प्रत्येक वाघ ओळखता येईल हे गृहीतच तपासलेले नव्हते. दोन माणसांना एकच ठसा स्वतंत्रपणे द्यायचा आणि उत्तरे जुळतात का पाहायचे, ही साधी परीक्षा पद्धतीचा भाग नव्हती. वर वाघांचा आकडा घटला तर जाब विचारला जाणार, हे खालच्या माणसाला ठाऊक होते. पद्धत न तपासता आणि मोजणाऱ्याला निर्भय न ठेवता आकडे मागितले की असेच आकडे मिळतात.

दुरुस्ती कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. मोजणारी माणसे तीच राहिली, कामाची रीत बदलली. 2018 च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले आणि वनखात्याची माणसे मिळून सव्वापाच लाख किलोमीटरांच्या जवळपास पायी चालली. वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधायचे, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्या अंगावर नसतात आणि ओळख पटायला दोन्ही लागतात. पुढ्यातले गवत काढायचे, नाहीतर वाऱ्याने हलणारी पात कार्ड भरून टाकते. त्या मोजणीत तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली, त्यांत वाघांची 76,651, म्हणजे हजारी दोन. एवढ्या ढिगातून वाघ वेगळे काढायला संगणक लागला, पण कॅमेरा कोणत्या वळणावर बांधायचा हे जमिनीवरच्या माणसाने ठरवले. या कामाची किंमतही तोच मोजतो. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गणनेच्या पायी सर्वेक्षणात असलेली एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. सोबत वनमजूर होते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात 2016 मध्ये गोचिडांमुळे पसरणाऱ्या क्यासनूर जंगल तापाची साथ आली, आणि जंगलात जाणाऱ्या प्रत्येकाला तो धोका आहे. घोणस, फुरसे, गवा हे तर नेहमीचेच. रोजंदारीवरच्या माणसाला विमा नसेल, लस आणि बूट मिळत नसतील, तर अवघड चौरस टाळून सोप्या वाटेने जाण्याचा मोह त्याला होणारच; आणि टाळलेला चौरस म्हणजे आकड्यांतले भोक. सुरक्षितता आणि विश्वसनीयता इथे एकमेकींना बांधलेल्या आहेत.

तिसरा आक्षेप काळाला धरून आहे: उपग्रह आले, आता पायी मोजायचे कशाला? डिसेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेलेले नासाचे गेडी उपकरण लेझरने जंगलाची उंची मोजते. एप्रिल 2025 मध्ये युरोपचा ‘बायोमास’ उपग्रह आणि 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो-नासाचा ‘निसार’ कक्षेत गेले; झाडांचे वस्तुमान कळावे हा बायोमासचा मुख्य हेतू आणि निसारच्या अनेक हेतूंपैकी एक. पण उपग्रहाला किलोग्रॅम दिसत नाहीत. त्याच्याकडे परतलेल्या लहरींची तीव्रता येते किंवा किरण परतायला लागलेला वेळ येतो. त्या संकेताचा इतक्या टन लाकडाशी मेळ घालायचा तर जमिनीवर काही ठिकाणी ते लाकूड कोणीतरी फितीने मोजलेले असावे लागते. तिथली 5 टक्क्यांची चूक मग प्लॉटपुरती राहत नाही; त्या प्लॉटवर बेतलेल्या नकाशातून ती हजारो चौरस किलोमीटरांवर पसरते. उपग्रह जितके चांगले होतील तितका फितीवरचा भार वाढेल. शिवाय वरून हिरवे दिसणारे छत्र हिरड्याचे की सुबाभळीचे, खाली रोपे उगवतात की नुसती रानमोडी माजली आहे, हे सांगायला अजून तरी वाकून पाहावे लागते.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि त्याला जोडूनच हौशी निरीक्षकांचा. पगारी माणसे कशाला, उत्साही नागरिक फुकट नोंदी देतात की. झाडांचा बहर, पालवी, पक्ष्यांचे आगमन अशा विषयांत त्यांच्या नोंदी अनमोल आहेत, हे निर्विवाद. पण हौस सवडीने चालते. भीमाशंकरला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातल्या जुलैच्या एखाद्या मंगळवारी, जळवा झटकत, पालापाचोळ्याच्या जाळ्या रिकाम्या करायला जो जातो तो हौसेवर जात नाही. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूकच्या जंगलात 1963 पासून दर आठवड्याला ओढ्याचे आणि पावसाचे नमुने गोळा होत राहिले. त्याच कंटाळवाण्या मालिकेने उत्तर अमेरिकेतल्या आम्लपर्जन्याचा पुरावा दिला आणि 1990 च्या हवा-कायद्यातल्या सुधारणांना आधार मिळाला. मधले आठवडे गळले असते तर त्याच आकड्यांवर कोर्टात आणि संसदेत बोट ठेवता आले असते. शिक्षणाची सोय उभारणेही अशक्य नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2017 मध्ये सुरू केलेल्या हरित कौशल्य विकास कार्यक्रमाच्या पहिल्या अभ्यासक्रमांत पॅराटॅक्सॉनॉमिस्टचा अभ्यासक्रम होताच. औंधच्या आयटीआयमधून फिटर आणि मशिनिस्ट तयार होतात तसे जंगल मोजणारेही तयार व्हावेत: झाडांची ओळख, मापनाचे नियम, नोंदवही, जीपीएस, प्रथमोपचार, आणि शेवटी सही ठोकता येईल असे प्रमाणपत्र. अडचण आहे ती पुढच्या नोकरीची. पद तीन वर्षांचे, प्रकल्प संपला की संपणारे. मग शिकलेला माणूस चाकणला कंत्राटावर जातो आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या झाडापासून शिकतो. संस्थांनी प्रकल्पनिधीबाहेर निदान मोजकी कायम पदे ठेवली तर दरवेळी नव्याने होणाऱ्या चुकांचा खर्च वाचतो.

हा विषय भीमाशंकरपुरता नाही. महाराष्ट्र नागरी क्षेत्रे झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 चा. त्याप्रमाणे पिंपरी-चिंचवडसह प्रत्येक महापालिकेने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. लागवडीची तारीख कोणी लिहून ठेवलेली नसते, म्हणून वयाचा अंदाज बांधताना घेर हा मोठा आधार ठरतो. आणि घेर कोणी, कोणत्या उंचीवर, किती काळजीने घेतला यावर एखादे उंबराचे झाड पन्नासच्या अलीकडे पडते की पलीकडे, हे ठरू शकते. पवनेच्या काठचे वाळुंज ज्याला ओळखता येत नाही तो ‘इतर’ असे लिहितो, आणि नदीकाठची एक जात शहराच्या हिशेबातून नाहीशी होते. तेव्हा वनक्षेत्र वाढले, वाघ वाढले, शहरात इतकी लाख झाडे आहेत, असा आकडा वाचाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: हे कोणी मोजले, त्याला कोणी शिकवले, आणि त्याचे मोजमाप दुसऱ्या कोणी तपासले? वृक्षगणनेचा अहवाल नागरिक म्हणून मागताना गणकांची नावे, त्यांचे प्रशिक्षण आणि फेरमोजणीचे प्रमाण हेही मागा. ज्या अहवालात या तीन गोष्टी नाहीत, त्यातला आकडा कितीही मोठा असला तरी तो अंदाज म्हणूनच वाचावा.